स्वयंपाकघराच्या दारानं

व्हर्जिल डॅन्झलर मागच्या दारानं आला, तेव्हाच अ‍ॅल्थियानं ओळखलं की हा आज रिकाम्या हातानं परत जायला आलेला नाही.

पुढचं दार रविवार म्हणून उघडंच होतं. दिवाणखान्यात तिचा नवरा, कोच रॉस्को पेटवे, चर्चचा सूट अंगावर तसाच ठेवून बसला होता. त्याच्या डोक्यामागे भिंतभर टॅलबर्ट या काळ्यांच्या युनिव्हर्सिटीचे फुटबॉल संघ, एकेका सालाची एकेक फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेममध्ये कडेला हाताची घडी घालून उभा तोच. स्टेट या गोऱ्यांच्या युनिव्हर्सिटीचा माणूस समोरून येईल, या भिंतीखाली बसेल, मग काय ते बोलू, असा त्याचा बेत होता. सकाळी प्रार्थनेत त्याचं चित्त नव्हतं ते याचमुळे. आणि हा पठ्ठ्या घराला वळसा घालून, ओल्या अंगणातून येऊन, पायरीवर बूट पुसून स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारावर टकटक करत होता.

"मिस अ‍ॅल्थिया, येऊ का? वास पार कोपऱ्यापर्यंत येतोय."

"ये. गोडगोड नंतर बोल, आधी टोपी काढ."

त्यानं टोपी काढली. केस कानशिलांवर पांढरे व्हायला लागले होते, पोटही सुटलं होतं जरा. गळ्यात स्टेटच्या रंगाचा टाय होता. तो तिनं पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

मागचं दार ही रॉस्कोची विद्या. आसपासच्या काउंट्यांमधली किती स्वयंपाकघरं त्यानं पालथी घातली असतील त्याला सुमार नाही. संघासाठी पोराला मागणी घालायची तर पुढच्या खोलीत जायचंच नाही, असं तो म्हणे. तिथं बाप बसलेला असतो. तो दोन तास फुटबॉलवर बोलतो आणि त्याच्या हातात काही नसतं. आई मागे शेगडीपाशी असते. तिच्याकडे जायचं, ती वाढेल ते खायचं, परत मागून घ्यायचं, तिच्या भेंडीच्या वाफ्याची, चर्चच्या कॉयरमधल्या भांडणांची, पाठदुखीची चौकशी करायची, आणि ती स्वतः विषय काढत नाही तोवर खेळाचं नावसुद्धा घ्यायचं नाही. अशी एकेका आईची मनधरणी करत त्यानं टॅलबर्टचा संघ उभा केला होता. व्हर्जिलही त्यातलाच. एका लाकूडगिरणीच्या गावातून आणलेला, हाडं मोजून घ्यावीत असा पोरगा. पुढे तो टॅलबर्टचा आजवरचा सगळ्यात चांगला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन फेकणारा आणि खेळ चालवणारा गडी, ठरला. सगळा संघ त्याच्या एका हाकेवर हलायचा.

मग त्याला व्यावसायिक संघानं उचललं. पहिल्याच दिवशी तिथल्या कोचनं सांगितलं, तू पळतोस छान, तू मागे बचावात खेळ. काळ्या पोराच्या हाती चेंडू देऊन अकरा माणसं त्याच्या डोक्यानं चालवायची, ही गोष्ट तिथं कुणाच्या मनातही येत नव्हती. सात वर्षं तो बचावात खेळला, चेंडू एकदाही फेकला नाही. आणि आता स्टेटनं त्याला मदतनीस कोच म्हणून घेतलं होतं. त्यांच्या कोचांमध्ये आपला असा तो पहिलाच.

"बस," अ‍ॅल्थिया म्हणाली आणि तिनं एक ताटली त्याच्यापुढे ठेवली. तळलेली कोंबडी, कॉलर्डची भाजी, मक्याचा पाव. जेवायला सगळे बसणारच होते, पण रीत म्हणजे रीत.

व्हर्जिल बसला आणि खाऊ लागला. भाजी परत मागितली. "कॉयरचं काय चाललंय?" त्यानं विचारलं.

"माझ्यावर हे प्रयोग करू नकोस. हे सगळे प्रश्न याच घरात तयार झालेत. पाठदुखीचा तर मीच सुचवला होता."

व्हर्जिल हसला. "माझ्या आईला तो फार आवडला होता."

तेवढ्यात जूनिया चहासाठी बर्फ घ्यायला आत आली. जूनिया रॉस्कोची धाकटी बहीण. टॅलबर्टमध्ये गणित शिकवायची, लग्न केलं नव्हतं, आणि तोंड कुणाच्या बापाला घाबरत नव्हतं.

"अगं बाई, घरभेदी आला वाटतं," ती म्हणाली. "जेवलास का रे?"

"जेवतोय, मिस जूनिया."

"जेव. कोच पुढच्या खोलीत तुझी वाट बघत लाकडासारखा बसलाय. आणि ऐक, मी तुझ्या बाजूची आहे. त्याला सांगू नकोस, मी स्वतःच सांगणार आहे."

ती बर्फ घेऊन गेली. अ‍ॅल्थियानं शेगडी बारीक केली. तट पडायला सुरुवात झाली होती, आणि अजून टेबलावर कुणी बसलंही नव्हतं.

तिला स्टेटचा राग नव्हता असं नाही. ती नव्यानं टॅलबर्टला आली तेव्हा संघाच्या डोक्यावर गोऱ्यांच्या शाळेनं टाकून दिलेली शिरस्त्राणं होती, आणि जर्सी गृहशास्त्राच्या मुली शिवायच्या. त्या मुलींना शिकवायला अ‍ॅल्थिया होती. गावोगावच्या सामन्यांना बस निघायची तेव्हा बुटांच्या खोक्यांत कोंबडी भरून द्यायची तीच, कारण वाटेत एकही खानावळ पोरांना दाराशी उभं करत नसे. अठ्ठेचाळीस साली टॅलबर्ट एकही सामना हरलं नाही. त्या आठवड्यात गावच्या वर्तमानपत्रानं पहिल्या पानावर फोटो छापला तो जत्रेत बक्षीस मिळालेल्या एका बैलाचा. आणि एवढी वर्षं स्टेटच्या मैदानावर आपली माणसं गेली असतील तर ती झाडू घेऊन.

मग एका शरदात उत्तरेकडचा एक संघ आला, त्यात आपला एक पळणारा पोरगा होता, आणि त्यानं स्टेटला त्यांच्याच अंगणात लोळवलं. त्याबरोबर स्टेटच्या लोकांचे डोळे एकदम उघडले. माणुसकी वगैरे काही नाही. जिंकायचं होतं, म्हणून दार उघडलं. तेव्हापासून दर वर्षी चांगली पोरं तिकडे जाऊ लागली. या मोसमात टॅलबर्ट होमकमिंगचा, म्हणजे माजी विद्यार्थी परत येतात तो, सामना हरलं. आमच्याकडे मध्यांतराला कुणी जागचं हलत नाही, कारण तेव्हा बँड असतो. लोक खायला उठतात ते बँड झाल्यावर. या वेळी बँड झाल्यावर जे उठले ते परत आलेच नाहीत. रॉस्कोनं ते रिकामे बाक पाहिले होते, आणि अ‍ॅल्थियानं रॉस्कोला.

आणि आता स्टेटला डेलरॉय हवा होता. कोचचा धाकटा.

*

प्रार्थना रॉस्कोनं म्हटली आणि लांबवली. सगळ्यांनी आमेन म्हटलं तरी तो डोळे मिटूनच होता. मग त्यानं डोळे उघडले आणि व्हर्जिलला म्हणाला, "मीठ दे."

एवढंच. ज्याला तो दर रविवारी फोन करायचा, त्याला "मीठ दे."

टेबलाच्या एका बाजूला थोरला गस. बापाच्या हाताखाली खेळलेला, आता बापाच्याच हाताखाली मदतनीस कोच. त्याच्याशेजारी डेलरॉय, सतरा वर्षांचा. त्यानं ताटात सगळं घेतलं होतं आणि एक घासही खाल्ला नव्हता. अ‍ॅल्थियानं सगळ्यांना वाढून होऊ दिलं. विषय काढायचा मान आईचा. ती काढेपर्यंत व्हर्जिल हवामानावर बोलत राहणार, आणि ते ऐकायची तिची तयारी नव्हती.

"बोल आता," ती म्हणाली. "मी काढलाय विषय."

व्हर्जिलनं तोंड पुसलं. तो रॉस्कोकडे बघून बोलला नाही, तिच्याकडे बघून बोलला. तेही शिकवलेलंच. स्टेटला खेळाडूंचं वेगळं जेवणघर आहे, स्वतःचा डॉक्टर आहे, हाडांचा. इंजिनीअरिंगची नवी इमारत झाली आहे. डेलरॉयला यंत्रांचं वेड आहे हे त्याला ठाऊक आहे. लहानपणी यानं कोचचा रेडिओ खोलला होता, तेव्हा व्हर्जिल याच टेबलावर जेवत होता.

"त्याला परत जोडता आला नव्हता तो," गस म्हणाला.

"स्टेटमध्ये शिकवतील जोडायला," जूनिया म्हणाली. "आमच्याकडे प्रयोगशाळेत पावसाळ्यात बादल्या मांडाव्या लागतात. मी सांगते रॉस्को, तोंड वाकडं करू नकोस. मी टॅलबर्टवर जीव टाकते, पण पोराला काही बादलीत डोकं घालून इंजिनीअर होता येणार नाही."

"आत्या, तू पगार कुणाचा खातेस?" गस म्हणाला.

"टॅलबर्टचा. म्हणूनच मला ठाऊक आहे."

"बरं, इंजिनीअरिंगचं राहू दे." गसनं काटा खाली ठेवला. "पुढच्या आठवड्यात डॅडी आणि मी नवी पोरं मागायला कार्व्हर मिलला जाणार, त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी कुठे. एकेक आई विचारणार, कोच, तुमचा धाकटा कुठाय? काय सांगायचं आम्ही? स्टेटला दिला? कोचनं स्वतःचं पोर तिकडे दिलं तर कोणती आई आपलं इकडे देईल? एका पोराचा प्रश्न नाही हा. संघ बंद पडेल."

अ‍ॅल्थियाला रात्ररात्र झोप लागत नव्हती ती याच्याचमुळे. टॅलबर्ट बुडालं तर रॉस्को जगेल, पण तो भिंतीवरच्या फ्रेममधलाच तेवढा जगेल, हे तिला पक्कं माहीत होतं. आणि डेलरॉय तिचा होता.

"व्हर्जिल," ती म्हणाली, "तुम्ही त्याला खेळवणार कुठे?"

जूनियानं चहाचा ग्लास तोंडाशी नेला होता तो तसाच धरला.

"तो आमच्याकडे क्वार्टरबॅक म्हणून येईल," व्हर्जिल म्हणाला.

"येईल कसा ते नाही विचारलं. खेळवणार कुठे?"

"मिस अ‍ॅल्थिया, मला तिथं दोनच वर्षं झालीत. मी भांडेन. ऑगस्टपर्यंत तो क्वार्टरबॅक असेल. मग त्यातला कुणीतरी म्हणेल, काय पळतो हा पोरगा, याला बचावात घालून बघू. मी नाही म्हणेन. माझं ऐकतील की नाही, ते खात्रीनं सांगता येत नाही. तुमच्याशी खोटं बोलायचं असतं तर मी पुढच्या दारानं आलो असतो."

"म्हणजे पाय पाहिजेत, डोकं नको," जूनिया म्हणाली. तिनं ग्लास आपटूनच ठेवला. "मग इंजिनीअरिंगच्या इमारतीचं कौतुक कशाला सांगत होतास मघापासून? मी माझं म्हणणं मागे घेते. पोराला टॅलबर्टलाच ठेवा. बादल्या आम्ही उचलू."

गसनं आत्याकडे बघून भुवया उडवल्या. रॉस्कोनं पहिल्यांदाच नीट घास घेतला. त्याला वाटलं झालं, संपला विषय. अ‍ॅल्थियाला त्याच्या मानेवरून कळलं.

"सगळे स्टेटचंच विचारताय," डेलरॉय म्हणाला. इतका वेळ तो टेबलावर नसल्यासारखाच होता. "टॅलबर्ट मला कुठे खेळवणार ते कुणी विचारलंच नाही."

"त्यात विचारायचंय काय?" रॉस्को म्हणाला. "ऑगस्टमध्ये सराव सुरू होतो. तेव्हा यायचं. घरचाच आहेस."

"मला कुणी बोलावलेलंच नाही, डॅडी."

"कुणी म्हणजे?"

"तुम्ही. तुम्ही लिनवुडकडे गेलात, पार किनाऱ्यावर, दोनदा. त्याच्या आईच्या हातचे खेकडे खाऊन आलात आणि इथे येऊन कौतुक सांगत होतात. लिनवुड माझ्यासारखाच क्वार्टरबॅक आहे. मी त्या दिवशी जिन्यात बसून ऐकत होतो. म्हटलं आज मला काहीतरी विचारतील. तुम्ही वर आलात आणि म्हणालात, दिवा बंद कर."

रॉस्कोनं रुमालानं तोंड पुसलं. "स्वतःच्या पोराला मागणी घालतं का कुणी? लोक काय म्हणतील? गसला तरी कुठे विचारलं होतं?"

"मला नव्हतं विचारलं," गस म्हणाला. बापाची बाजू घ्यायची म्हणून म्हणाला, पण ते तसं ऐकू आलं नाही.

अ‍ॅल्थिया उठली. तिला राग आला होता, आणि तो आजचा नव्हता. आल्या-गेल्या प्रत्येक आईच्या कौतुकाच्या गोष्टी तिनं ऐकल्या होत्या. कुणाचा पाव किती मऊ, कुणाच्या वाफ्यात काय पिकतं. तिच्या वाफ्यात काय पिकतं हे रॉस्कोला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"रॉस्को, टोपी घे आणि बाहेर जा," ती म्हणाली. "पुढच्या दारानं जा. आणि माझं पोर पाहिजे असेल तर मागच्या दारानं ये."

"पाहुण्यासमोर तमाशा नको, अ‍ॅल्थिया."

"पाहुणा कसला? तो तुझाच धडा म्हणून दाखवायला आलाय. तू एवढ्या बायकांच्या स्वयंपाकघरात बसलास. माझ्यात कधी बसलायस?"

रॉस्को उठला, खुंटीवरची टोपी घेतली आणि निघून गेला. बाहेर गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, लागल्याचाही आला. गाडी सुरू झाली तर काय करायचं, याचा विचार अ‍ॅल्थियानं केलेला नव्हता. जूनिया पुटपुटली, "गेला वाटतं." गस खिडकीशी जायला उठला.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या जाळीवर टकटक झाली.

*

तो पायरीवर टोपी हातात घेऊन उभा होता. बूट पुसत होता.

"नमस्कार," तो म्हणाला. "मी टॅलबर्टचा कोच पेटवे. आत येऊ का?"

"या. बसा."

तो लहान टेबलापाशी बसला. खुर्ची त्याला पुरत नव्हती. बाकीचे जेवणाच्या खोलीतून एकेक करून आले आणि दारात गर्दी करून उभे राहिले. हसावं की नाही ते कुणालाच कळत नव्हतं. अ‍ॅल्थियानं ताटली वाढली. त्यानं खाल्लं आणि कोंबडी परत मागितली, जरी जेवणाच्या खोलीत त्याचं अर्धं ताट तसंच पडलं होतं.

"भेंडी कशी आहे यंदा?" त्यानं विचारलं.

"जानेवारीत?"

जूनियाला हसू आवरलं नाही. रॉस्कोही ओशाळला. या धंद्यात त्याची जीभ कधी अडखळली नव्हती, आणि आज स्वतःच्या घरात तो पहिल्या दिवशीच्या मास्तरासारखा बसला होता.

"माझं पोर खेळेल कुठे, कोच?" अ‍ॅल्थियानं विचारलं.

"क्वार्टरबॅक."

"पहिल्याच वर्षी?"

रॉस्कोनं डेलरॉयकडे पाहिलं. "नाही. लिनवुड त्याच्यापेक्षा बरा आहे. त्याचा हात लांब जातो. दोन वर्षं बाकावर बसावं लागेल."

डेलरॉयनं मान खाली घातली नाही. उलट तो पुढे सरकला.

"आणि मग?"

"मग चेंडू त्याच्या हातात. तो कुणी काढून घेणार नाही. त्यासाठी त्याला कुणाशी भांडावं लागणार नाही. बाकी माझ्याकडे काही नाही, बाई. बस वाटेत बंद पडते. वसतिगृह गळतं. संघाचा डॉक्टर म्हणजे मेबरी, आणि तो दातांचा आहे."

"डॅडी," डेलरॉय म्हणाला, "मी पाहिजे आहे का तुम्हाला? लोकांना काय सांगायचं ते जाऊ दे. तुम्हाला?"

"हो," रॉस्को म्हणाला. "तू पाच वर्षांचा होतास तेव्हापासून."

"मग मी येतो."

गसनं भावाच्या पाठीवर थाप मारली. व्हर्जिलनं टेबलावरची टोपी उचलली. तो हरला होता, आणि त्याला फारसं वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. अ‍ॅल्थियालाही क्षणभर वाटलं, झालं, असंच होऊ दे. संघ राहील, पोर जवळ राहील, नवरा आज किती वर्षांनी माणसासारखा बोलला. तिला ते सगळं हवंसं वाटलं. पण तिनं व्हर्जिलला टोपी खाली ठेवायची खूण केली.

"मी अजून शब्द दिलेला नाही," ती म्हणाली. "शेवटचं राहिलंय, कोच. निघताना प्रत्येक आईला जे सांगता ते."

"तुला ते पाठ आहे."

"मला कधी सांगितलेलं नाही. माझ्याकडे बघून सांगा."

रॉस्कोनं टोपी गुडघ्यावर ठेवली. "बाई, तुमचा मुलगा माझ्याकडे द्या. मी त्याला माझ्या पोटच्या..."

तो थांबला. दाराच्या चौकटीला टेकून गस उभा होता, सगळा भार एका पायावर टाकून. बराच वेळ उभं राहावं लागलं की तो असाच उभा राहायचा. घरात सगळ्यांना त्याची सवय झाली होती.

चौसष्टच्या होमकमिंगला गस मध्यांतराला बापाकडे गेला आणि म्हणाला, गुडघ्यात काहीतरी झालंय. त्याच सकाळी रॉस्कोनं एका पोराला घोटा सुजला म्हणून खेळाचे कपडेसुद्धा घालू दिले नव्हते, कारण त्याच्या आईला शब्द दिला होता. गसला तो म्हणाला, कोचचा मुलगा बाहेर बसला तर बाकीच्यांना मी काय तोंड दाखवू? जा खेळ. गस गेला. तिसऱ्या भागात त्याला चौघांनी उचलून आणला. त्यानंतर तो कधी खेळला नाही. गस ती गोष्ट शौर्याची म्हणून सांगायचा. अ‍ॅल्थिया आणि रॉस्को ती एकमेकांशी कधीच बोलले नव्हते.

"सांगा ना," अ‍ॅल्थिया म्हणाली.

"मला नाही सांगता येत," रॉस्को म्हणाला.

"आई, पुरे," गस म्हणाला. मग तो चौकटीपासून सरळ झाला. त्याचा आवाज बदलला होता. "डॅडी, याला जाऊ द्या."

"तू तर मघाशी..."

"मघाशी मी संघाचं बोललो. याला जाऊ द्या. तुम्ही याला माझ्यासारखंच वागवाल. तुम्ही नाही म्हणालात तरी वागवाल. घरचा म्हणून."

रॉस्कोनं मान वर केली नाही. अ‍ॅल्थियाला त्याची दया आली, आणि थोरल्याचंही वाईट वाटलं. तरी ती बोलली.

"एकसष्टला व्हर्जिलचा खांदा दुखत होता. तू त्याला बसवलंस, शेवटचा सामना हरलास, गावानं शिव्या दिल्या त्या खाल्ल्यास. का? कारण तो दुसऱ्या कुणाचा होता. लोकांची पोरं तू फुलासारखी जपलीस, रॉस्को. त्याबद्दल मी तुला नावं ठेवणार नाही. पण आपलीच तेवढी तुला दगडाची वाटतात. याला लोकांचं पोर होऊ दे." ती व्हर्जिलकडे वळली. "तिथं ते चेंडू देतील, नाही देतील, ते तू भांड. पण हा दुखतंय म्हणाला की त्याला बाहेर काढायचा. कोण काय म्हणेल ते बघायचं नाही. कोचनं तुला सांभाळलं तसा याला सांभाळ. माझा शब्द तुला."

"आई, मी आत्ताच डॅडींना हो म्हणालो," डेलरॉय म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"ऐकलं मी," रॉस्को म्हणाला. "ते माझ्यापाशी राहील. आईचा शब्द झाला."

व्हर्जिल काहीतरी बोलणार होता. आभार मानणार होता की माफी मागणार होता, त्याचं त्यालाच माहीत. रॉस्कोनं त्याला हातानंच थांबवलं.

"आईनं शब्द दिला की बोलायचं नसतं. उठायचं आणि निघायचं. हे शिकवलं नव्हतं का मी तुला?"

"शिकवलं होतं, कोच."

"मग नीघ."

व्हर्जिल गेला. डेलरॉय त्याला गाडीपर्यंत सोडायला गेला. जूनियानं गसच्या दंडाला धरलं आणि त्याला पुढच्या खोलीत बसायला नेलं, वाटेत काहीबाही बोलत. रॉस्को त्या लहान खुर्चीवर तसाच राहिला. ताटलीतली कोंबडी गार झाली होती.

"मंगळवारी कार्व्हर मिलला जायचंय," तो म्हणाला. "मिस ओझेलाचा मुलगा. तोवर तिला कळलेलं असेल. ती विचारणार, कोच, तुमचा स्वतःचा स्टेटला गेला, मग माझा कशाला मागता? काय सांगू तिला?"

अ‍ॅल्थियानं त्याच्यासमोरची खुर्ची ओढली आणि बसली.

"खरं ते सांग," ती म्हणाली. "पोटच्या पोरासारखा सांभाळीन असं म्हणू नकोस. त्याच्यापेक्षा बरा सांभाळीन म्हण."